नवं शिकत राहायचंय? मग या चुका टाळा: पुस्तकं, पॉडकास्ट आणि संगणकाबद्दल कोकणातल्या वाचकांसाठी

आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणारी माणसं हल्ली आणखी दोन गोष्टी विचारतात: ऐकण्यासारखं काही आहे का, आणि हा लॅपटॉप असा का करतोय? विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, आंब्याचा हंगाम आटोपलेले बागायतदार असतात, बचत गटाच्या ताई असतात, बारावीनंतर गावातच राहिलेली मुलंही असतात. शिकायची हौस सगळ्यांना मनापासून असते. तरी दोन-चार महिन्यांत बरेच जण गळतात, आणि गळण्याची कारणं फिरून फिरून तीच असतात. ती वेळीच कळली तर बहुतेकांचं शिकणं थांबणार नाही, असं मला खात्रीने वाटतं.

यादी आधी आणि प्रश्न नंतर

"माका कायतरी चांगला वाचूक सांग." देवगड तालुक्यात शिफारस मागायची ही नेहमीची पद्धत. यावर कुणीतरी दहा पुस्तकांची नावं सांगतं, कुणी पॉडकास्टची लिंक पाठवतं, कुणी म्हणतं अमुक कोर्स कर. माणूस सगळं लिहून घेतो, घरी जातो आणि कुठून सुरुवात करायची तेच त्याला कळत नाही. यादी लांबत जाते तसं ओझं वाढतं.

आधी प्रश्न धरा. तो लहान असावा आणि शक्यतो आपल्या दारातला असावा. कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना ओहोटीची वेळ तोंडपाठ असते. विचारलं तर सांगतात, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. भरती दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी भरलेलं आणि भर दुपारी ओहोटी. ठिकाणानुसार वेळ थोडी मागेपुढे होते, पण हिशेब कामाला येतो. आता प्रश्न विचारा: हा हिशेब का जुळतो?

इथून वाचन आपोआप सुरू होतं. मराठी विश्वकोशात भरती-ओहोटीवर नोंद आहे. विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, त्यामुळे ते वीस जाड खंड घरात असण्याची गरज नाही. नोंद वाचली की कळतं, चंद्र पुन्हा डोक्यावर यायला साधारण २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशेबात रोजची पंचेचाळीस मिनिटं धरलेली आहेत, म्हणून तो जवळपास जुळतो, तंतोतंत नाही. मग पुढचे प्रश्न येतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण का आणि अष्टमीला भांग (कमी चढणारी भरती) का? दिवसातून दोनदा भरती का, एकदा का नाही? हैदराबादची इन्कॉईस ही संस्था समुद्राची माहिती आणि भरतीचे अंदाज देते. ते आकडे आणि आपल्या धक्क्यावर दिसणारं पाणी पंधरा दिवस वहीत शेजारी शेजारी मांडून बघा. एक प्रश्न, एक नोंद, एक वही. एवढ्यात खगोलशास्त्राचं जाड पुस्तक उघडायचं धाडस येतं, कारण आता त्यात काय शोधायचं ते ठाऊक असतं.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचं उदाहरण कोकणातलंच आहे. १९३० साली ते जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा रद्द झालेली होती. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणीच्या वसाहतीकडे रोज बघत बसले. नर घरटं अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तरच पुढचं विणकाम होतं. मग तोच नर दुसरं घरटं घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. हे सगळं त्यांनी तिथे नोंदवलं. कोकणातल्या कुठल्याही माडावर, विहिरीकाठच्या कुठल्याही झाडावर हे आजही बघायला मिळतं. पक्ष्यांची आवड असेल तर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे आवाजावरून पक्षी ओळखणारं फुकट ॲप घ्या. आपल्या भागाचा पॅक घरी वाय-फायवर उतरवून ठेवला की रानात नेटवर्क नसतानाही चालतं. पण ॲपने सांगितलेलं नाव म्हणजे शेवट समजू नका. आवाज एका पक्ष्याचा आणि नाव भलत्याचं, असं होतं. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

शिफारस देणाऱ्यांसाठी

आपल्याला आवडलेलं पुस्तक समोरच्याच्या हातात कोंबणं ही सर्वात मोठी चूक. "हे वाचाच" म्हणण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: तुम्हाला यातलं आधी काय माहीत आहे, आणि दिवसात सलग किती वेळ मिळतो? मासळीबाजार आटोपून दुपारी अर्धा तास टेकणाऱ्या मावशींना पाचशे पानांचा ग्रंथ सुचवला तर त्या पुन्हा विचारायला येणार नाहीत. त्यांना एक प्रकरण सुचवा, पान क्रमांकासकट. ते आवडलं तर बाकीचं पुस्तक त्या स्वतःच मागतील.

सुचवताना हेही सांगा, की हे का, कोणासाठी, आणि यात काय नाही. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात. "यात गणित येतं, दुसऱ्या प्रकरणात अडाल, ते सोडून पुढे जा" एवढं सांगितलं तरी अर्धी भीती जाते.

आणि ग्रंथपालांना विसरू नका. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. आपल्याकडे दीड-दोनशे वर्षांची वाचनालयं आहेत आणि तरी लोक आधी ऑनलाइन दुकानातले तारे मोजतात. कपाटाच्या मागच्या रांगेत काय पडलं आहे ते ग्रंथपालाला माहीत असतं, आणि तुम्ही आधी काय वाचून परत केलंत तेही.

फॉरवर्ड आलं म्हणजे खरं झालं

यावर जरा थांबून बोललं पाहिजे. दर वर्षी ऑगस्ट आला की मोबाइलवर एक मजकूर फिरतो: १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. आमच्या तालुक्याची गोष्ट, म्हणून सगळे अभिमानाने पुढे ढकलतात. शाळेतल्या भाषणांतही ती येते.

आता हीच गोष्ट चार प्रश्नांनी तपासू: कोण, कधी, कुठे, कशावरून?

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहण नसताना, वर्णपटमापक लावून त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. जान्सेनही आपल्या रीतीने त्याच युक्तीपर्यंत पोचले होते, आणि दोघांचं श्रेय फ्रेंच अकादमीने एकत्रच मान्य केलं. ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, म्हणून लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची असावी असं मांडलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागलं ते १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत, एका युरेनियमयुक्त खनिजातून.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर विजयदुर्गाला खरंच आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी इथे मोठा तळ ठोकला होता आणि मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांना तालीम देऊन निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. या मोहिमेचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या प्रकाशनांत छापलेला आहे. दोन ग्रहणं, दोन सालं, आणि फॉरवर्डमध्ये त्यांची झालेली एकच गोष्ट.

खरी हकिकत कळल्यावर किल्ल्याचं महत्त्व कमी होतं असं मला मुळीच वाटत नाही. खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायला शिकवून किल्ल्यावर उभारलेली वेधशाळा ही फॉरवर्डमधल्या गोष्टीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे, आणि तिच्यावर शाळेतल्या मुलांना छान प्रकल्प करता येईल. मजकूर पुढे ढकलण्याआधी साल आणि माणूस तेव्हा नेमका कुठे होता, एवढं जरी तपासलं तरी निम्म्या चुका पकडल्या जातात.

हाच नियम उत्तरं देणाऱ्या एआयच्या ॲप्सना लावा. "कोकणच्या इतिहासावर पाच पुस्तकं सांग" म्हटलं की ती पाच नावं झटकन देतात, आणि त्यातलं एखादं पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. नाव खरं, लेखक खरा, पण त्या लेखकाने ते पुस्तक लिहिलेलं नाही, असाही प्रकार होतो. पुस्तक मागवण्याआधी वाचनालयाच्या सूचीत किंवा प्रकाशकाच्या यादीत ते आहे का बघा. संकल्पना समजून घ्यायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला ही ॲप्स चांगली आहेत. साल, आकडा, अवतरण आणि पुस्तकाचं नाव मात्र दुसरीकडून पडताळल्याशिवाय घेऊ नका.

शोधूनही सापडत नाही

आपल्या गावाचा जुना इतिहास शोधणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा माहिती असते, पण आपण आजच्या नावाने शोधत असतो. इंग्रजांच्या कागदपत्रांत विजयदुर्ग 'घेरिया' (Gheria) असतो, सुवर्णदुर्ग 'सेव्हर्नड्रूग' (Severndroog) असतो, बाणकोटचा किल्ला 'फोर्ट व्हिक्टोरिया' असतो. लॉकियर यांच्या वृत्तांतात विजयदुर्गाचं स्पेलिंग 'विझियाद्रुग' (Viziadrug) असं वाचलं जाईल असं आहे. ही नावं रोमन लिपीत टाकून शोधा, एकदम नवी दालनं उघडतात. सुवर्णदुर्ग १७५५ साली इंग्रजांनी घेतला, त्या विजयाची आठवण म्हणून लंडनमध्ये 'सेव्हर्नड्रूग' नावाचा बुरूज आजही उभा आहे, हे अशाच एका शोधात कळतं.

रत्नागिरी आणि सावंतवाडीचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, १८८० सालचं आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड. कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा खंड १८८३ चा. दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. त्यात बंदरांचा व्यापार, मासेमारी, शेती, गावोगावची माहिती आहे. साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचायचं. जातींबद्दलची विधानं तर फारच जपून.

शोधताना तीन सवयी लावून घ्या. नेमके शब्द हवे असतील तर ते दुहेरी अवतरण चिन्हांत टाका. फक्त सरकारी संकेतस्थळांवर शोधायचं असेल तर शब्दांपुढे रोमन लिपीत site:gov.in असं लिहा, मध्ये जागा न सोडता. आणि मराठी नावांची दोन्ही रूपं वापरून बघा: वेंगुर्ला आणि वेंगुर्ले, गोठणे आणि गोठणं. संगणक या दोन शब्दांना दोन वेगळी गावं समजू शकतो.

पॉडकास्ट उतरवले, ऐकले नाहीत

रेल्वेने रत्नागिरीला निघताना लोक ऐकायला सुरू करतात आणि बोगद्यात आवाज बंद पडतो. उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे नेटवर्कची वाट बघण्यात अर्थ नाही. घाटात, खाडीकाठी, पावसाळ्यात वीज गेल्यावरही हेच. भाग घरून उतरवून घ्या. त्यासाठी अँटेनापॉड हे अँड्रॉइडवरचं फुकट ॲप मला सर्वांत साधं वाटतं. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि ऐकून झालेला भाग आपोआप पुसायची सोय आहे. शेवटची सोय सुरू करून ठेवा, नाहीतर महिन्याभरात मोबाइल भरतो आणि दोष पॉडकास्टला दिला जातो.

व्हिडिओ लावून मोबाइल खिशात ठेवून ऐकणारे पुष्कळ आहेत. त्यात डेटा कितीतरी पट जातो आणि स्क्रीन बंद झाली की आवाजही बंद होतो. तोच कार्यक्रम नुसत्या आवाजात मिळतो का ते आधी पाहावं. आकाशवाणीची केंद्रं सरकारच्या न्यूजऑनएअर ॲपवर ऐकता येतात, हे अजून अनेकांना माहीत नाही.

२०२४ मध्ये गुगल पॉडकास्ट बंद झालं तेव्हा पुष्कळांच्या जमवलेल्या याद्या गेल्या. यावर उपाय आहे. बहुतेक ॲपमध्ये सदस्यत्वाची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते. वर्षातून एकदा ती काढून स्वतःला ईमेल करून ठेवा, दुसऱ्या ॲपमध्ये तशीच भरता येते.

इंग्रजी समजत असेल तर बीबीसीचा 'इन अवर टाइम' नक्की ऐका. १९९८ पासून चाललेला कार्यक्रम आहे, एका विषयावर अभ्यासक बोलतात, आणि भागाच्या पानावर पुढे काय वाचायचं त्याची यादी असते. त्या यादीमुळे ऐकणं वाचनाला जोडलं जातं, म्हणून मी तो आवर्जून सुचवतो. नवशिक्यांनी मात्र वेग वाढवून ऐकू नये. दीडपट वेगाने ऐकलेली ओळखीची गोष्ट समजते. अनोळखी गोष्ट कानावरून जाते.

वाचलं तेव्हा समजलं होतं, आता आठवत नाही

तेच पान पुन्हा वाचणं हा यावरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कमी उपयोगी उपाय. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहून बघणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि घरातल्या कोणाला तरी सांगा. सांगताना जिथे अडाल तेवढंच पुन्हा वाचा. शब्द, सालं, वनस्पतींची नावं अशा सुट्या गोष्टींसाठी अंकी हे फुकट ॲप आहे, ते विसरायच्या बेताला आलेली गोष्ट नेमकी पुढे आणतं. आयफोनवर त्याला पैसे पडतात, संगणकावर आणि अँड्रॉइडवर नाही. दुसऱ्यांनी केलेले तयार संच उतरवू नका. स्वतः प्रश्न बनवण्यातच निम्मं पाठांतर होतं.

स्वयम् या सरकारी संकेतस्थळावर कोर्स फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. तिथे एका वेळी एकच कोर्स घ्या.

गणपतीला मुंबईहून आलेला लॅपटॉप

मुलगा किंवा पुतण्या नवा घेतो आणि जुना गावी येतो. देणाऱ्याची माया खरी, पण लॅपटॉप बरोबर चार अडचणी घेऊन येतो.

पहिली: त्यावर मुलाचंच खातं असतं. काही महिन्यांनी तो मुंबईत पासवर्ड बदलतो आणि इकडे आईच्या पाककृती अडकतात. चाकरमानी परत जायच्या आधीच, तो समोर असताना, स्वतःच्या नावाचं वेगळं खातं करून घ्या.

दुसरी: त्यावर विंडोज १० असतं. त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आता पूर्वीसारख्या आपोआप येत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडलं की कोणतं विंडोज आहे ते दिसतं. विंडोज ११ त्यावर बसत असेल तर बसवून घ्या. जुन्या यंत्रावर बहुधा बसत नाही. तेव्हा लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, हा चांगला पर्याय आहे. तो पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतो. वाचन, लेखन, ऐकणं आणि ब्राउझर यासाठी तो भरपूर झाला. मात्र अशा यंत्रावर काही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवलीच पाहिजेत.

तिसरी: लॅपटॉप उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, 'स्टार्टअप' उघडा, आणि सुरू होतानाच जागी होणारी अनावश्यक ॲप्स बंद करा. एवढ्याने भागलं नाही तर आत जुनी फिरती हार्डडिस्क आहे का ते दुकानदाराला विचारा. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. नवा घेण्याआधी हा खर्च करून बघा.

चौथी: मराठी टंकता येत नाही म्हणून माणसं रोमन लिपीत मराठी लिहीत राहतात. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, तिच्या पर्यायांत कीबोर्ड जोडा. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. रोज चार ओळी लिहिल्या तर हात आठवड्यात बसतो.

काही कळा रोजच्या कामाच्या आहेत. चुकून बंद झालेलं पान कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतं. कंट्रोल-एफ ने लांब पानात हवा तो शब्द सापडतो. विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते. पहिल्यांदा ती सुरू करायला विचारतं, हो म्हणा. फाइलला 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचं' अशी नावं देऊ नका. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि विषय, असं लिहा: २०२५-०६-१४ सुगरण. फाइली आपोआप तारखेने लागतात.

आणि "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, मी दुरुस्त करतो" असा फोन आला तर ठेवून द्या. सांगेल ते ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

अक्षरांची भुतावळ

जुनी मराठी फाइल उघडली आणि रोमन अक्षरांचा, चिन्हांचा काला दिसला, तर फाइल बिघडलेली नसते. ती युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) आधीच्या फाँटमध्ये लिहिलेली असते, श्रीलिपी किंवा कृतिदेव यांपैकी कशात तरी. तो फाँट संगणकात असेल तरच अक्षरं दिसतात. फाँट कोणता ते कळलं की त्यासाठीचा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेवढे डोळ्यांनी तपासा. यापुढे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा.

पीडीएफचा प्रकार जास्त फसवा असतो. पान सुंदर दिसतं, पण शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही आणि कॉपी केलं तर कचरा येतो. कारण एकतर तेच, जुना फाँट, किंवा ते पान म्हणजे नुसता फोटो असतो. त्यातली थोडी पानं वेगळी काढून गुगल ड्राइव्हवर चढवा, त्यावर उजवी क्लिक करून गुगल डॉक्समध्ये उघडा. अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो, मराठीसुद्धा. मूळ फोटो सरळ आणि उजेडात काढलेला असेल तर निकाल बराच चांगला येतो. पिवळ्या पडलेल्या, ओल लागलेल्या पानांवर तो गडबडतो, आणि 'घ' चा 'ध' करतो. आजोबांच्या वह्या, गावच्या देवस्थानाची जुनी कागदपत्रं यांचे फोटो मजकूर ओळखला गेला नाही तरी काढून ठेवावेत. कसर लागायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात हे टाळाच

मे महिन्याच्या अखेरीला विजा सुरू झाल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. लॅपटॉपचा चार्जर आणि राउटरची पिन बोर्डातून काढा. राउटरला बाहेरून तांब्याची तार येत असेल तर तीही काढा. पुष्कळ यंत्रं त्या तारेतून जळतात. एकाच पेनड्राइव्हवर सगळं ठेवून निर्धास्त राहू नका. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा मुंबईच्या भावाकडे.

पुस्तकं भिंतीला टेकवून लावू नका. कोकणातली भिंत जून ते सप्टेंबर ओल सोडते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, पुस्तकं घट्ट कोंबू नका, मधूनमधून काढून पानं चाळा. ओलसर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं तर बुरशीला आयतं घर मिळतं.

पुस्तक भिजलंच तर दोन दिवसांच्या आत हालचाल करा. त्यानंतर बुरशी धरायला लागते. चिपळूणच्या वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले आहेत, तेव्हा ही भीती पुस्तकी नाही. पानं ओढून सोडवू नका. दर काही पानांनंतर कोरा किंवा साधा शोषणारा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. रंगीत छपाईचा कागद नको, रंग उतरतो. पुस्तक उभं, किंचित उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात ठेवलं तर पानं वाकडी होतात आणि बांधणी सुटते. एकदम खूप पुस्तकं भिजली आणि सगळ्यांकडे बघणं शक्य नसेल, तर ती पिशव्यांत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी वाढत नाही, आणि सवडीने एकेक काढून वाळवता येतं. गावात आइस्क्रीमचं किंवा मासळीचं फ्रीझर असणारा कोणी ना कोणी असतोच, त्याच्याशी पावसाआधीच बोलून ठेवा.